आबा, तळ्यावरचं इंजिन उचललंत त्याबद्दल

आदरणीय आबांना साष्टांग नमस्कार, वि. वि.

तळ्याचं पाणी स्ट्रॉबेरीला ओढणारं इंजिन तुम्ही उचललंत, त्याबद्दल तुमचे समोरासमोर आभार मानायला गेलं की तुम्ही "त्यात काय एवढं" म्हणता, वहिनींना चहा टाकायला सांगता आणि पावसापाण्याचं बोलायला लागता. म्हणून हे पत्र लिहितेय, आणि चारचौघांनी वाचावं म्हणून उघडंच लिहितेय. तुमचं नाव, वाडीचं नाव, पठाराचं नाव यात मुद्दाम घातलेलं नाही. तेवढं कळलं की पुढच्याच रविवारी तिथं गाड्यांची रांग लागेल आणि तळ्याच्या काठावर उभं राहून फोटो काढणाऱ्यांचे पाय नेमके गेंदाच्या इवल्या पांढऱ्या रानफुलांवर पडतील. कासला २०१२ साली जागतिक वारशाचा मान मिळाला, त्यानंतर काय झालं ते आपण दोघांनीही पाहिलंय. कास आणि महाबळेश्वर यांच्या मधलं, जावळीच्या अंगाचं एक पठार, एवढं पुरे.

यंदा आश्विनात तळं आपल्या चालीनं आटलं. आधी काठाचा कातळ उघडा पडला, मग चिखलाची कड रुंद होत गेली, आणि मधल्या पाण्यात वायतुऱ्याची फळं पिकून गळून गेली. त्याआधीची काही वर्षं ती पिकण्याआधीच उघडी पडून वाळत होती. तुम्ही रोज तिथून गुरं नेता, तुम्हाला यात नवल वाटणार नाही. तळ्यातल्या वनस्पती राखू पाहणाऱ्या आमच्या गटाला वाटलं.

जे हे पत्र वाचतायत आणि ज्यांनी वायतुरा पाहिलेला नाही, त्यांच्यासाठी थोडं सांगते. चिखलात लहानसा कंद, त्यातून निघून पाण्यावर तरंगणारी लांबट पानं, आणि पावसाळ्यात पाण्याबाहेर येणारा फिकट गुलाबी-जांभळट तुरा. हा तुरा टोकाला दोन फाट्यांत विभागलेला असतो, इंग्रजी वाय अक्षर काढावं तसा. नाव त्यावरूनच पडलं. शास्त्रीय नाव ॲपोनोजेटॉन सातारेन्सिस. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला या वनस्पतीचं शास्त्रीय वर्णन पहिल्यांदा प्रसिद्ध झालं तेव्हा साताऱ्याचं नाव तिला कायमचं चिकटलं. उत्तर सह्याद्रीतली मोजकी पठारं सोडली तर ही जगात कुठेच नाही, आणि धोक्यातल्या जातींच्या आंतरराष्ट्रीय लाल यादीत ती संकटग्रस्त म्हणून नोंदलेली आहे. म्हणजे तुमच्या गुरांच्या वाटेवरचं तळं हा तिच्या साऱ्या जगाचा एक तुकडा आहे.

त्याच तळ्यात कुमुदिनी आहे, काठाच्या ओलीत सीतेची आसवं आहेत, आणि उथळ पाण्यात गवताच्या पात्यांसारखी दिसणारी, कुणी ढुंकूनही पाहणार नाही अशी आयसोइटिस आहे. या आयसोइटिसला फूल येत नाही, बी येत नाही. पानांच्या बुडाशी बीजाणू धरतात, म्हणजे धुळीएवढे कण, त्यांतूनच नवं रोप येतं. तिचं कूळ तीस कोटी वर्षांहून जुनं, डायनोसॉरांच्याही आधीचं. तिच्या एका जातीच्या नावातच पाचगणी आहे. फुलांच्या मोसमात येणारे लोक तिच्यावरून चालत जातात. मला स्वतःला वायतुऱ्यापेक्षा हीच जास्त आवडते, पण तिच्यासाठी कुणाला इंजिन हलवायला सांगणं कठीण होतं.

आता इंजिनाबद्दल. तळ्यावर पंप बसतो तेव्हा शहरातल्या माणसाच्या डोळ्यांपुढे एखादा लोभी माणूस उभा राहतो. इथं तसं काही नव्हतं. स्ट्रॉबेरीची मातृरोपं जूनच्या आसपास येतात, पावसाळाभर त्यांचे रनर, म्हणजे जमिनीवरून पसरणारे कोंब, पिशव्यांत धरायचे आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात गादीवाफ्यांवर लावायचे. रोप कोवळं, मुळं अजून धरलेली नाहीत, आणि नेमका त्याच दिवसांत पाऊस दडी मारतो किंवा निरोप घेतो. चार दिवस पाणी चुकलं तर लाखाच्या घरातला खर्च मल्चिंग पेपरखाली वाळून जातो. विहीर लांब, वीज बेभरवशाची, आणि वर पठारावर तळं डोळ्यांदेखत भरलेलं. डिझेल इंजिन टेम्पोत घालून वर न्यायचं, पाइप सोडायचा, उतारानं पाणी खाली. तुमच्या जागी कुणीही हेच केलं असतं, आणि तुमच्या शेजारच्या दोघांनी केलंच होतं.

वायतुऱ्यालाही पाणी नेमकं त्याच दिवसांत हवं असतं. फुलं संपलेली असतात, फळं भरत असतात, आणि पानं उन्हात वर्षभराची शिदोरी करून कंदात साठवत असतात. पुढचे सात-आठ महिने तो कंद सुक्या, भेगाळलेल्या चिखलात त्या शिदोरीवर काढतो. स्ट्रॉबेरी आणि वायतुरा यांचं भांडण होतं ते या चार-सहा आठवड्यांवरून.

आम्ही पाच-सहा जण तुमच्याकडे आलो होतो ते छापील माहिती, फोटो आणि बरीचशी कळकळ घेऊन. तुम्ही सगळं शांतपणे ऐकून घेतलंत आणि एकच विचारलंत, "कधीपातुर लागतं पाणी तुमच्या फुलाला?"

आबा, मी शाळेत विज्ञान शिकवते. चांगला प्रश्न कोणता, हे मुलांना सांगायची वेळ आली की आता मी हाच सांगते. तळ्यातलं पाणी वापरा किंवा वापरू नका, एवढ्या दोनच बाजू तोवर सगळ्यांच्या बोलण्यात होत्या. तुम्ही त्यात तारीख आणलीत. त्या प्रश्नाचं उत्तर शोधायला तळ्याकाठी परत परत बसावं लागलं, पानं कधी पिवळी पडतात, फळं कधी सुटतात ते बघावं लागलं, आणि मग कळलं की दिवाळीच्या आगेमागे वायतुऱ्याचं काम उरकतं. त्यानंतर तळं आटलं तरी त्याची तक्रार नाही. उलट आटायलाच हवं.

दुसरं, हिशेब तुम्हीच मांडलात. तळं साधारण वीस गुंठ्यांचं. त्यातलं वीतभर पाणी म्हणजे साडेचार लाख लिटरच्या आसपास. ऑक्टोबरच्या उन्हावाऱ्यानं दिवसाला चार-पाच मिलिमीटर पाणी उडतं धरलं, तर वीतभर उतरायला दीड महिना लागतो. तुमचं इंजिन सेकंदाला सात-आठ लिटर ओढतं. तेवढंच पाणी त्यानं दोन दिवसांत काढलं असतं. तळ्यात पाणी आहेच किती? मांडीभर. आम्ही 'पाण्याच्या पातळीतील अचानक घट' असं काहीतरी लिहून आणलं होतं. तुम्ही दीड महिना आणि दोन दिवस शेजारी शेजारी ठेवलेत, आणि पारावरच्या सगळ्यांना एका वाक्यात समजलं.

खरं मोल आहे ते तुम्ही पुढं केलंत त्याचं. बांधाकडची चांगली जमीन शेततळ्याला दिलीत. तिथं तुमची स्ट्रॉबेरी चांगली यायची, हे वहिनींनी मला नंतर सांगितलं, तुम्ही नाही. त्यात प्लास्टिकचा कागद अंथरलात, आणि भर जुलैत ओढा दुथडी वाहत असताना, म्हणजे पाणी कुणालाच नको असताना, ते भरून घेतलंत. शिवाय पठाराच्या कडेखालच्या झऱ्याला पाइप लावून त्याची धार रात्रंदिवस त्यात सोडलीत. त्याला ना डिझेल लागतं ना वीज.

हा झरा तिथंच का फुटतो, हे तुम्ही बोलता बोलता सांगितलंत ते मी जसंच्या तसं वर्गात सांगते. वर जांभ्याची टोपी, झिरपणाऱ्या माठासारखी. पावसाचं पाणी तिच्या भोकाभोकांतून खाली उतरतं. तिच्याखाली चिकण मातीचा थर, तो पाणी धरून ठेवतो. मग पाणी आडवं सरकत कडेला येतं आणि जिथं जांभा संपतो तिथं बाहेर पडतं. पुस्तकांतही हेच आहे, फक्त तिथं ते वाचून समजायला मला बराच वेळ लागला होता. पाणी वर पठारावर अडकलेलं असतानाच ओरबाडायचं, की खाली आपसूक आलेलं घ्यायचं, यातला फरक तुम्ही आकृती न काढता दाखवलात.

शेजारच्या दोघांना तुम्ही काय सांगितलंत ते मला ठाऊक नाही. त्यांची इंजिनं यंदा वर गेली नाहीत एवढं मात्र मी पाहिलं. त्यातल्या एकाला तुम्ही तुमच्या शेततळ्यातून पाणी दिलंत, हेही कानावर आलंय. रोप लावणीच्या दिवसांत स्वतःचं पाणी दुसऱ्याला देणं म्हणजे काय, हे ज्याने शेती केलीय त्यालाच कळेल. आमच्या गटातल्या कुणाचंही या सगळ्यात एका रुपयाचं नुकसान झालेलं नाही, तुमचं झालं. आभाराचं पत्र लिहिताना ही गोष्ट झाकून ठेवणं बरं दिसणार नाही.

आणखी एक बोलून टाकते. मी साताऱ्यात राहते. शहराच्या ज्या भागात माझं घर आहे, तिथं नळाला कासच्या तलावाचं पाणी येतं. इंग्रजांच्या काळात बांधलेला तलाव, पठाराच्या पावसावर भरणारा. म्हणजे पठाराचं पाणी पीत, पठाराच्या पाण्याला हात लावू नका म्हणून सांगायला आम्ही तुमच्या दारात आलो होतो. तुमच्या हे लक्षात आलं नसेल असं मी मानत नाही. तुम्ही बोलला नाहीत, हा तुमचा मोठेपणा.

कायद्याचा आधार घ्यावा असं आमच्यातल्या काहींना वाटत होतं. पण पाणथळ जागांची देशपातळीवरची यादी झाली ती सव्वादोन हेक्टर आणि त्याहून मोठ्या जागांची. आपलं तळं पाव हेक्टरही भरत नाही. कागदावर ते जवळजवळ नाहीच. त्यामुळे ग्रामपंचायतीच्या जैवविविधता समितीची लोकनोंदवही, म्हणजे गावातल्या वनस्पती-प्राण्यांची नोंद ठेवायची वही, काढायला लावून त्यात तळ्याची, वायतुऱ्याची, कुमुदिनीची नोंद तुम्ही करवून घेतलीत, ते फार महत्त्वाचं झालं. २००२च्या जैवविविधता कायद्यानं गावाला दिलेली ही वही बऱ्याच ठिकाणी कपाटातच असते. आपल्या गावात ती टेबलावर आली. सरपंचताईंनी त्यासाठी समितीची बैठक लावली, त्यांचेही आभार. ग्रामसेवकांनी 'ॲपोनोजेटॉन' लिहिताना तीनदा खोडलं, पण शेवटी बरोबर लिहिलं.

तुमच्या आई आता पठारावर चढत नाहीत, पण तळ्याचं सगळं त्यांना पाठ आहे. कुठल्या बाजूला म्हशी उतरायच्या, कोणत्या कोपऱ्यात पाणी शेवटी राहतं, कोणत्या वर्षी तळं भाद्रपदातच आटलं. त्यांच्याजवळ बसून मी जे लिहून घेतलं त्याची एक प्रत त्या नोंदवहीत लावायला दिली आहे. त्यांना माझा नमस्कार सांगा, आणि चष्म्याचा नंबर बदलायला साताऱ्याला येतील तेव्हा घरी उतरायचं आहे हेही सांगा.

आता एक काम आहे, आणि ते तुमच्याशिवाय होणार नाही. तळं खोल करायचा विषय ग्रामसभेत येतोय. जेसीबी लावून आठ-दहा फूट खणायचं, गाळ काढायचा, बारमाही पाणी करायचं. मांडणाऱ्यांचा हेतू चांगला आहे, गुरांना उन्हाळ्यात पाणी मिळावं असंच त्यांना वाटतं. पण ज्याला ते गाळ म्हणतायत त्यातच कंद निजलेले आहेत, आयसोइटिसचे बीजाणू आहेत. तो ट्रॉलीत भरून शेतात टाकला की संपलं. आणि तळं बारमाही झालं की कुणीतरी मासे सोडणार, वर्षभर पाण्यात वाढणारं शेवाळ आणि पाणतण येणार, आणि आटण्याच्या बेतानं जगणाऱ्या या वनस्पतींना तिथं जागा उरणार नाही. शिवाय खणता खणता खालचा चिकण थर फुटला तर पाणी थांबायचंच बंद होईल, ही शंका तर तुम्हीच मागे बोलून दाखवली होती.

गुरांच्या पाण्यासाठी झऱ्याखाली एक दगडी हौद बांधावा, असं आमच्या मनात आहे. खर्चाचा काही भाग आम्ही गोळा करतो आहोत, गवंडी तुम्ही सुचवा. ग्रामसभेत आम्ही बोललो तर बाहेरचे लोक बोलतायत असं होईल. तुम्ही बोला, आम्ही मागं बसतो. हिशेबाचा तो कागद माझ्याकडेच राहिलाय, दीड महिना आणि दोन दिवसांचा. येताना घेऊन येते. वायतुऱ्याच्या फळांचे यंदाचे फोटोही मोठे करून आणते, म्हणजे मागच्या रांगेतल्यांना दिसतील.

आणि मागच्या खेपेला तुम्ही दिलेल्या रोपांचे पैसे घेतले नाहीत, ते या वेळी घ्यावेच लागतील. शाळेच्या बागेत ती छान लागली आहेत.

कळावे, लोभ आहेच.

आपली,
साताऱ्याची बाई