क्षेत्र बदलण्याआधी खुर्ची बदलून पाहा

महोदय,

‘फार मनाला लावून घेतो’, ‘जरा आवाज झाला की वैतागतो’ असे शेरे ज्यांच्या वाट्याला येतात, त्यांना नोकरीबाबत हमखास दोन सल्ले मिळतात. एक, कातडी जाड कर. दोन, नोकरीच सोड आणि कलेचं काहीतरी कर. पहिला निरुपयोगी, दुसरा धोक्याचा. स्वतंत्र काम करणाऱ्याला थकलेली बिलं मागावी लागतात, दरावरून घासाघीस करावी लागते आणि पुढच्या महिन्याची शाश्वती नसते. गोंगाटाने दमणाऱ्याला ही टांगती तलवार जास्तच दमवते. सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला असल्याशिवाय या वाटेला जाऊ नये.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ इलेन ॲरन आणि आर्थर ॲरन यांनी १९९७ मध्ये या अतिसंवेदनशील स्वभावासाठी २७ प्रश्नांची मोजपट्टी मांडली. हा आजार नव्हे. अशी माणसं बारकावे चटकन टिपतात, एखाद्या गोष्टीचा खोलवर विचार करतात, आणि त्याच कारणाने लवकर थकतात. आपल्याकडे राज्य मंडळाने २०१६ मध्ये दहावीसाठी कल चाचणी आणली, तिचा रोख आवडीच्या क्षेत्रावर होता. पण अतिसंवेदनशील माणसांसाठी क्षेत्राइतकंच महत्त्व त्या क्षेत्रातल्या खुर्चीला आहे. परिचारिकेला अपघात विभागात पुढच्या मिनिटाला काय येईल ते माहीत नसतं. डायलिसिस विभागात तेच रुग्ण आठवड्यातून दोन-तीनदा, साधारण चार-चार तासांसाठी येतात. वकिलाला कोर्टातली उलटतपासणी झेपत नसेल, तर मालमत्तेचा तीस वर्षांचा टायटल सर्च, म्हणजे मालकीच्या जुन्या नोंदींची तपासणी, करायला त्याच्यासारखा माणूस नाही. बँकेत रोखीच्या खिडकीपेक्षा कर्जाच्या कागदपत्रांची छाननी, वृत्तपत्रात धावपळीच्या वार्तांकनापेक्षा संपादन, सॉफ्टवेअरमध्ये ग्राहकांच्या फोनपेक्षा टेस्टिंग. पदवी तीच राहते.

कोणती खुर्ची, हे ठरवायला दोन आठवडे एक वही ठेवावी. दिवसातून तीनदा, म्हणजे जेवणाआधी, चहाच्या वेळी आणि निघताना, थकवा शून्य ते दहामध्ये लिहायचा आणि शेजारी कारण: आवाज-उजेड, मध्येच येणारे व्यत्यय, कोणीतरी डोक्यावर उभं राहून पाहणं, की दुसऱ्याचा राग आणि रडणं. इथे दोन चुका होतात. रात्री आठवून लिहिलं की दिवसभराचा रंग शेवटच्या तासावरून ठरतो. आणि फक्त त्रासच टिपला, तर ज्या कामात वेळेचं भान राहिलं नाही ते कागदावर येतच नाही. खरं तर पुढची दिशा तेच काम दाखवतं. चारपैकी कोणतं कारण वरचढ आहे ते कळल्याशिवाय राजीनामा म्हणजे अंधारात दगड. व्यत्ययाने दमणारा माणूस शांत कार्यालयात गेला, तरी तिथे दर दहा मिनिटांनी व्हॉट्सॲप वाजत असेल तर तितकाच दमणार.

काही गोष्टी स्वस्तात सुटतात. जुन्या चोकची ट्यूबलाइट सेकंदाला शंभर वेळा लुकलुकते. डोळ्यांना ते दिसलं नाही तरी काहींचं डोकं दुखतं. इलेक्ट्रॉनिक चोक किंवा चांगल्या ड्रायव्हरची (वीजपुरवठा सांभाळणाऱ्या सर्किटची) एलईडी नळी बसवली की हा प्रश्न बऱ्याचदा मिटतो. फोमचे इअरप्लग नुसते कानात खुपसून उपयोग नाही. बोटांनी वळून बारीक करायचे, दुसऱ्या हाताने कान वर आणि मागे ओढायचा, आत घालून फुगेपर्यंत अर्धा मिनिट धरून ठेवायचं. ‘इअरप्लगचा काही फरक पडत नाही’ ही तक्रार बहुधा अर्धवट घातलेल्या इअरप्लगची असते. प्रवासही हिशोबात धरावा. गर्दीच्या लोकलमधून दीड तास उभं राहून आलेला माणूस कामाला बसण्याआधीच अर्धा रिकामा झालेला असतो. त्यामुळे पगारवाढ मागण्याआधी वेळेची सवलत मागावी.

मागताना ‘मी संवेदनशील आहे’ असं सांगू नये. साहेबाच्या डोक्यात ‘हा नाजूक’ एवढंच राहतं. ‘दहा ते बारा या वेळेत फोन दुसऱ्याकडे दिला तर छाननी एका बैठकीत संपते, महिनाभर करून बघू’ असं म्हणावं. मुदत घातली की होकार सोपा जातो. नव्या ठिकाणी मुलाखतीला ठरलेल्या वेळेआधी अर्धा तास जाऊन बाहेरच्या बाकावर बसावं आणि कान उघडे ठेवावेत. बसायची जागा दाखवायला सांगावं. काम ऐनवेळी कोण बदलतं, आणि या जागेवरचा आधीचा माणूस किती दिवस टिकला, हे विचारावं. शेवटच्या प्रश्नावर टाळाटाळ झाली तर ते उत्तरच समजावं. कोणाच्या नजरेखाली हात थरथरत असतील, तर मुलाखतीतल्या प्रात्यक्षिकाऐवजी घरी करून आणायचं नमुना काम मागून पाहावं; काही कार्यालयं देतात.

मात्र सगळंच स्वभावाच्या खात्यावर टाकू नये. वरिष्ठ रोज चारचौघांत अपमान करत असेल, तर बिघाड त्या वरिष्ठात आहे. तिथे वही नको, लेखी तक्रार हवी किंवा दुसरी नोकरी. आणि झोप उडणं, कशातच मन न लागणं, रडू येणं हे दोन आठवड्यांहून जास्त चाललं, तर नोकरी बदलण्याचा निर्णय लांबवून आधी डॉक्टरांना गाठावं. टेलि-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर मराठीतही बोलता येतं.

– एक व्यवसाय समुपदेशक, सातारा