धाकट्याच्या श्वासाबद्दल

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. धाकटा घरी आला हे वाचून जिवात जीव आला. पण पत्राच्या शेवटी तू लिहिलं आहेस, ‘माझ्याच सर्दीने त्याला आयसीयूत नेलं’, ते काही मनातून जाईना. म्हणून आजचा दवाखाना आटोपल्यावर लिहायला बसलो.

त्याच्या तपासणीत जो आरएसव्ही, म्हणजे श्वासमार्गात वाढणारा एक विषाणू, सापडला, तो दोन वर्षांचं होईपर्यंत जवळजवळ प्रत्येक मुलाला एकदा तरी गाठतोच. तुझ्याकडून नाही तर थोरलीकडून आला असता. तुझ्या-माझ्यासारख्या मोठ्यांना त्याने बहुधा नुसतं नाक गळतं, मग कोण कशाला सावध राहील? तू बाळाला छातीशी धरलंस, त्यात तुझा काय दोष?

तीन महिन्यांच्या बाळाच्या फुप्फुसातल्या टोकाच्या नळ्या अतिशय बारीक असतात. हा विषाणू त्यांच्या अस्तरात वाढतो. अस्तर सुजतं, मेलेल्या पेशी आणि चिकट स्राव आत साचतात. नळीची रुंदी निम्मी झाली, तर तेवढीच हवा आत घ्यायला सुमारे सोळा पट जोर लागतो. एवढीशी सूज तुला जाणवणारही नाही, त्याच्या मात्र बरगड्या आत ओढल्या जातात. दूध ओढायचं की श्वास घ्यायचा, असा प्रश्न त्या जिवापुढे असतो. म्हणूनच त्याने दूध सोडलं. तू त्या पहिल्या खुणेलाच त्याला उचलून नेलंस, हे विसरू नकोस.

अँटिबायोटिक दिलं नाही म्हणून तू डॉक्टरांवर रागावलास. मीही दिलं नसतं रे. ते जिवाणूंवर चालतं, विषाणूवर नाही. ऑक्सिजन द्यायचा, नाक मोकळं ठेवायचं, नळीने दूध द्यायचं आणि वाट पाहायची. तिसऱ्या ते पाचव्या दिवसापर्यंत त्रास वाढत जातो, मग हळूहळू उतरतो. ते दिवस आईबापांना किती जड जातात, ते मी रोज पाहतो.

इन्फ्लुएन्झा, पॅराइन्फ्लुएन्झा, अ‍ॅडिनोव्हायरस हे दुसरे विषाणूही लहानांची छाती धरतात. मेटान्यूमोव्हायरस तर 2001 साली नेदरलँड्समध्ये ओळखला गेला, पण जुने रक्तनमुने तपासल्यावर कळलं की तो निदान पन्नास वर्षं माणसांत वावरत होता. आफ्रिका आणि आशियातल्या सात देशांत न्यूमोनियाने दवाखान्यात आलेल्या मुलांचा मोठा अभ्यास 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात साधारण साठ टक्के आजारांमागे विषाणू निघाले, आणि एकट्या आरएसव्हीचा वाटा तीस टक्क्यांच्या आसपास होता.

‘मग लस का नाही?’ असं तू विचारलंस. आरएसव्ही 1956 मध्ये आधी चिंपांझींत सापडला, लगेच पुढे लहान मुलांत. 1966 च्या सुमारास फॉर्मॅलिन या रसायनाने निकामी केलेल्या विषाणूची लस तान्ह्या बाळांवर तपासली गेली. पुढे खरा विषाणू आला तेव्हा लस घेतलेली मुलंच जास्त आजारी पडली, त्यातली दोन दगावली. ज्या आईबापांनी विश्वासाने आपली मुलं पुढे केली, त्यांची आठवण आली की आजही मला गलबलून येतं. त्यानंतर कित्येक वर्षं सगळे जपूनच पावलं टाकत राहिले. ज्या प्रथिनाने हा विषाणू पेशीत शिरतो, त्याचा आकार शिरण्याआधी वेगळा असतो. तो 2013 मध्ये नेमका उलगडला आणि त्याच आकारावर नेम धरणाऱ्या लशीची वाट मोकळी झाली. 2023 मध्ये गरोदर आईला द्यायच्या लशीला अमेरिकेत आणि युरोपात मान्यता मिळाली. आईच्या रक्तातली प्रतिपिंडं, म्हणजे विषाणूला अडवणारी प्रथिनं, बाळाला पोटातच मिळतात. त्याच सुमारास जन्मानंतर बाळाला थेट तयार प्रतिपिंडं देणारं इंजेक्शनही आलं. एका अंदाजाप्रमाणे 2019 मध्ये या विषाणूने जगभरात पाच वर्षांखालची सुमारे एक लाख मुलं गेली, जवळपास सगळी गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतली. तिथल्या आयांना ही लस आधी मिळायला हवी, असं मला अगदी मनापासून वाटतं.

हा आजार पुन्हाही होऊ शकतो, कारण एकदा झाल्याने कायमचं संरक्षण मिळत नाही. म्हणून एक सवय लाव. धाकटा शांत झोपला असताना पोटाकडे बघून पूर्ण एक मिनिट श्वास मोजायचे. त्याच्या वयात पन्नास किंवा त्याहून जास्त भरले, नाकपुड्या फुलल्या, तो कण्हू लागला किंवा दूध नको म्हणाला, तर लगेच दवाखाना गाठायचा. ओठ निळसर दिसले तर क्षणही थांबू नकोस. आणि तुझ्या घरात बिडी-सिगारेटचा धूर नको, पाहुण्यांचाही नको.

आज रात्री मोजलेला आकडा मला कळव. कितीही वाजले असले तरी फोन कर.

वहिनींना नमस्कार, थोरलीला आणि बाळाला आशीर्वाद.

तुझाच,
सुहास