दोन फाइली

तीर्थरूप बाबा आणि आई,
सा. न. वि. वि.

बाबा, मायना बरोबर आहे ना? चुकला असेल तर लाल पेनने दुरुस्त करून ठेवा, दिवाळीत आलो की बघीन.

रोज फोन होतो तरी पत्र कशाला, असं आई म्हणणार. फोनवर तू "जेवलास का?" विचारतेस, आणि मग माझ्या तोंडून दुसरं काही निघतच नाही. म्हणून पत्र.

पार्सलमध्ये दोन फाइली आहेत, एक निळी आणि एक पिवळी. चार वर्षं "काहीतरी लिहितोय" म्हणत होतो, ते हे. कादंबरी आहे, दिवाळीच्या सुमारास छापून येईल. बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन व्हायचंय म्हणून अक्षर मोठं ठेवलंय आणि कागद एकाच बाजूने छापलाय. कागद वाया गेला म्हणून ओरडू नका.

माधव नावाचा बडोद्याचा मुलगा आहे. २०१२ साली त्याला नवसारीचं स्थळ सांगून येतं. निळ्या फाइलीत तो हो म्हणतो. पिवळीत नाही म्हणतो, आणि का नाही ते आईवडिलांना सांगतो. पुस्तकात एक प्रकरण इकडचं, एक तिकडचं असं येईल. तुमचा गोंधळ होऊ नये म्हणून मी दोन्ही आयुष्यं वेगळी करून पाठवली आहेत.

नवसारी वाचून बाबांनी चष्मा काढला असेल. हो, तेच स्थळ. पण मी तेव्हा नाही म्हटलं आणि कारण दिलं नोकरीचं. म्हणजे मी निळ्या फाइलीतही नाही आणि पिवळीतही नाही.

आई, मला पुरुष आवडतात. शाळेत असल्यापासून. आणि निखिल माझा रूममेट नाही. आम्ही आठ वर्षं एकत्र संसार करतोय.

आता थोडं पाणी पी आणि मग पुढे वाच.

२००६ चा मार्च आठवतो का? आपण दांडिया बाजारच्या घरात होतो, माझी टीवायची परीक्षा तोंडावर होती. राजपिपळ्याच्या राजकुमाराची, मानवेंद्रसिंहांची, बातमी गुजराती पेपरात आली, की ते समलिंगी आहेत. त्यांचं १९९१ मध्ये झाबुआच्या राजघराण्यात लग्न झालं होतं, ते वर्षभरातच मोडलं होतं. राजपिपळ्यात पुतळे जाळले, त्यांच्या आईने पेपरात जाहीर करून त्यांच्याशी संबंध तोडले. बाबा ओट्यावर बसून म्हणाले होते, "राजाचं पोर आहे, त्याला काय. आपल्यासारख्याच्या घरी असतं तर?" आणि आई, तू तांदूळ निवडत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "त्या मुलाला इतकी वर्षं कोणी जेवताना नीट विचारलं नसेल." एवढंच. मग खडा सापडला तो तू खिडकीतून टाकलास. तो पेपर तू नंतर मसाल्याच्या डब्यांखाली घातलास. मी तो काढून घेतला होता. अजून आहे माझ्याकडे, हळदीच्या डागासकट.

त्या दिवशी बोलायला हवं होतं. नाही बोललो. बाबांचं वाक्य ऐकून नाही, तुझं ऐकून. तू इतक्या सहज समजून घेतलंस, ते परक्याचं पोर होतं म्हणून, असं मला वाटलं.

लिहायला घेतली तेव्हा वाटलं होतं की निळी फाइल माधवच्या दुःखाची होईल. झाली त्याच्या बायकोच्या. लग्नाला तीन वर्षं झाली तरी तिला वाटतं, आपल्यातच काहीतरी कमी आहे. ती वजन उतरवते, नवा रंग नेसून बघते, तिची आई तिला मंगळवार धरायला लावते. माधव चांगला आहे हो, भाजी आणतो, आवाज चढवत नाही. ती रात्री पंखा बंद करून झोपते, त्याला थंडी वाजते म्हणून. तिथे माझं पेन अडलं. बाबा, नवसारीच्या त्या घरी मी चार पोहे खाऊन आलो आणि एका मुलीला यातून वाचवलं, एवढं एक तरी माझ्या खात्यात जमा धरा.

आई पिवळी आधी वाचणार, मला माहीत आहे. त्यातली आई तू नाहीस. फक्त कणीक मळताना बांगड्या वर सारायची तिची पद्धत तुझी आहे. ती माधवला डॉक्टरकडे नेते. तू नेऊ नकोस. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्येच हे आजारांच्या यादीतून काढलंय. मी तेव्हा बालवाडीत होतो आणि डबा न खाता परत आणत होतो.

बाबांसाठी कायद्याचं. आमच्यासारख्यांचे संबंध गुन्हा ठरवणारं ३७७ कलम इंग्रजांचं, १८६० चं. २००९ मध्ये दिल्ली हायकोर्टाने आमच्यापुरतं ते बाजूला केलं, ११ डिसेंबर २०१३ ला सुप्रीम कोर्टाने परत आणलं, आणि ६ सप्टेंबर २०१८ ला पाच न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं की दोन सज्ञान माणसांच्या संमतीत गुन्हा नाही. २०१३ च्या त्या आठवड्यात मी अचानक घरी येऊन तीन दिवस पांघरूण घेऊन पडलो होतो. आईला ताप वाटला. तू मला चमच्याने लापशी भरवलीस, सत्तावीस वर्षांच्या घोड्याला. ताप नव्हता गं.

लग्नाचं म्हणाल तर १७ ऑक्टोबर २०२३ ला कोर्टाने नकार दिलाय, तेव्हा पत्रिका छापायची धास्ती नको. जॉइंट अकाउंट मात्र उघडलंय आणि नॉमिनी एकमेकांना केलंय. अर्थ मंत्रालयाचं तसं स्पष्टीकरण आहे, तारीख २८ ऑगस्ट २०२४. तुम्ही बँकेत सदतीस वर्षं आधी तारीख बघितलीत आणि मग परिपत्रक, तर ही तारीख बघा. विश्वामित्री पस्तीस फुटांवर गेली होती ते दिवस. अकोट्याच्या आपल्या टेनामेंटमध्ये कमरेएवढं पाणी, लाइट नाही, शेजारच्या सोसायटीत मगर आल्याची आवई. मी पुण्यात फोन लावत बसलेलो. आणि मकरपुऱ्याला कामासाठी आलेला निखिल तुमच्याकडे अडकलेला. त्याने बाबांची बाजाची पेटी डोक्यावर धरून अगाशीवर नेली, मग गॅसची बाटली, मग आईला. लाइट आल्यावर आई मला फोनवर म्हणाली, "पोरगा सोन्यासारखा आहे, त्याच्यासाठी कुठे मुलगी बघू का?"

त्यानंतर पंधरा दिवस मला एक ओळ लिहिता आली नाही. तुम्ही त्याच्या हातचा चहा पीत होतात आणि तो कोण आहे हे तुम्हाला माहीत नव्हतं, आणि तो दोष ना तुमचा, ना त्याचा.

पुस्तक माझ्या नावाने येणार आहे. हे ठरलंय, विचारत नाहीये. टोपणनाव घेऊन पाहिलं, सहा महिने चांगलं बारसं करून ठेवलं होतं त्याचं. पण बिनसहीचं व्हाउचर तुम्ही कधी पास केलं नाहीत, बाबा. शिवाय मराठी कादंबरी आहे, गावात बोभाटा व्हायचा तर आधी कोणीतरी वाचायला हवी. कुसुमआत्याला मी स्वतः फोन करीन, तुम्ही तिला समजवायला जाऊ नका, तुमचं बीपी वाढतं. भजनी मंडळात कोणी विचारलं तर "मुलाला विचारा" म्हणा आणि नंबर द्या.

बाकी काही बदलत नाही. दर पाच तारखेचे पैसे येतील. जानेवारीत तुम्ही पुण्याला यायचं तेही पक्कं. कमोडजवळ धरायला दांडी बसवून घेतली आहे, आईची जाड गोधडी ड्रायक्लीनला दिली आहे, आणि खोली तुमचीच आहे, पूर्वेची खिडकीवाली. लगेच यावंसं वाटलं नाही तर फेब्रुवारीत या. मार्चमध्येही चालेल.

दोन्ही फाइली एका बैठकीत वाचायच्या नाहीत. रात्री तर अजिबात नाही. बाबा, खंडेराव मार्केटला स्कूटर नेऊ नका, रिक्षा करा, पन्नास रुपयांत तुम्ही गरीब होत नाही. आई, स्टुलावर चढून माळ्यावरचं काही काढायचं नाही. थायरॉइडची गोळी उपाशीपोटी, चहाच्या आधी. आणि दोघांनी आपापल्या खोलीत जाऊन रडायचं नाही, एकत्र बसा.

रागावलात तर रागवा. फक्त जेवलास का ते विचारायचं थांबवू नका.

तुमचा,
बाळू

ता. क. पेटीचा भाता त्या ओलीनंतर अजून गळतो का, असं निखिल विचारतोय. त्याच्या ओळखीचा एक कारागीर रावपुऱ्यात आहे म्हणे.