समाजमंदिराचं कुलूप कोण उघडणार?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

लहान-मोठ्या सगळ्यांच्या आरोग्यासाठी सुरू झालेल्या संयुक्त केंद्राची बातमी काल तुमच्या अंकात वाचली. केंद्र सुरू झालं, चांगलंच झालं. पण उद्घाटनानंतर विजेचं बिल कोण भरणार, हे वार्ताहराने विचारायला हवं होतं. आमच्या गावचं काम तिथंच अडलं.

आमच्याकडे बचत गटाच्या बाया, आशाताई आणि अंगणवाडी सेविका मिळून दर गुरुवारी समाजमंदिरात बसायच्या. सतरंजीच्या एका टोकाला लेकरांची वजनं, दुसऱ्या टोकाला म्हाताऱ्यांचं बीपी. कापूसवेचणीत सारं गाव वावरात असतं, घरी उरतात बुढे अन् लेकरं. म्हणून दोघांची सोय एकत्र. वजनकाट्याला भिऊन रडणारं लेकरू माझे सासरे मांडीवर घ्यायचे. ‘माह्य बीपी पाह्यलं का वं?’ असं शेजारची बुढी दारातूनच ओरडायची. संध्याकाळी तिला न्यायला आलेला कास्तकार पोरगाही घडीभर टेकायचा, कर्जाचं बोलायचा. ताणतणावासाठी सरकारचा १४४१६ हा टेली-मानसचा नंबर आहे, तो त्याला आशाताईने तिथंच दिला.

मग बिल थकलं, वीज कापली आणि समाजमंदिराला कुलूप लागलं. ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नातले १० टक्के महिला व बालकल्याणावर आणि ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. त्यातून काही करता येईल का, असं आम्ही ग्रामसभेत विचारलं. ‘पुढच्या सभेत पाहू’ म्हणाले. पंचायत समितीत गेलो तर म्हणाले आरोग्य विभागाला विचारा, आरोग्यवाले म्हणाले इमारत आमची नाही. चार खात्यांचं काम म्हटलं की कागदावर सगळ्यांच्या सह्या येतात, बिलावर एकाचीही येत नाही.

पोळ्यानंतर सासऱ्यांना अर्धांग झालं. कुलूप नसतं तर ते टळलं असतं, असं मी म्हणत नाही. पण गोळी चुकली की दर गुरुवारी आशाताई त्यांना रागवायची, ते रागावणं बंद झालं आणि गोळ्याही सुटल्या. ७५ वर्षांवरच्यांना एसटीचा प्रवास २०२२ पासून मोफत आहे, हे खरं. पण गुडघे धरून फाट्यापर्यंत चालणार कोण? तपासणी गावातच हवी. त्यासाठी एक खोली, एक बल्ब आणि चावी आशाताईच्या हाती, एवढंच लागतं.

आणखी एक. त्या बातमीतल्या फोटोखाली सगळ्या पाहुण्यांची नावं आहेत आणि मागे उभ्या असलेल्यांना ‘इतर महिला’ लिहिलं आहे. त्या शेजारच्या गावच्या आशाताई आणि मदतनीस आहेत, केंद्र रोज त्याच चालवणार आहेत. त्यांची नावं विचारून घ्या आणि उद्याच्या अंकात छापा.

एक वाचक, महिला बचत गट सदस्य
जि. यवतमाळ