काकूंची सुई

मुंबई,
३ ऑगस्ट २०२५

प्रिय मंदा,

तुझ्या आईच्या, माझ्या काकूंच्या, तेराव्याला आले होते तेव्हा पंगती उठल्यावर माजघरात वहिनी जे बोलल्या ते तूही ऐकलंस. शेवटच्या दोन-तीन दिवसांत काकू ग्लानीत एकच म्हणत होत्या, "मीच पोरीला सुई टोचायला नेलं." तू भिंतीला टेकून लुळ्या पायाच्या आधाराचा, कॅलिपरचा, पट्टा सैल करत होतीस आणि तू वर पाहिलं नाहीस. मला बोलायचं होतं, पण भोवती दहा बायका, आणि मला सांगायचं होतं ते दोन वाक्यांत मावणारं नव्हतं. परतीच्या एसटीत बसल्यापासून तेच मनात घोळतंय. आज सुट्टी आहे, म्हणून लिहायला बसले. सावकाश वाच.

मी गटाराचं पाणी तपासते, एवढंच तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. काकू हळहळायच्या, एवढं शिकून पोरीला घाणीत हात घालावा लागतो म्हणून. मी त्यांना कधी नीट समजावून सांगितलं नाही, याचं आता फार वाईट वाटतं. कारण मी त्या घाणीत जो पोलिओचा विषाणू शोधत होते, तो त्यांच्याच घरात येऊन गेला होता.

नोकरीला लागल्यावर पहिल्यांदा नमुना आणायला गेले तेव्हा पंपिंग स्टेशनवर पोचायला साडेनऊ वाजले. तिथे एक वयस्क कामगार होते, सगळे त्यांना मामा म्हणायचे. माझ्या हातातली बाटली बघून ते म्हणाले, "बाई, आता काय न्यायला आलात? हे आंघोळीचं आणि धुण्याचं पाणी. वस्ती सहा-साडेसहाला संडासला जाते, ते पाणी इथं यायला तास लागतो. उद्या साडेसातला या." जागतिक आरोग्य संघटनेच्या पुस्तिकेतही हेच आहे, सकाळी प्रवाह सर्वांत जास्त असतो तेव्हा नमुना घ्यावा. पण मामांनी ते पुस्तकात वाचलेलं नव्हतं. कुठली चाळ कुठल्या नळाला जोडली आहे, पावसात कुठलं पाणी पातळ होतं, कुठल्या बाजूनं कारखान्याचं रसायन मिसळतं, सगळं त्यांना तोंडपाठ. आम्ही प्रयोगशाळेत ज्या जिवंत पेशींवर हे पाणी तपासतो, त्या हे रसायन मारून टाकतं आणि नमुना वाया जातो. डॉक्टर असोत की आमच्यासारखे विषाणू बघणारे, गटारांचा नकाशा डोक्यात असलेला माणूस सोबत नसेल तर सगळे आंधळे. दुसऱ्या दिवशी मामांनी स्वतः दोरीला बादली बांधून खाली सोडली, बाटली भरून दिली, बाहेरून पुसली आणि बर्फाच्या डब्यात ठेवली. तो वास सुरुवातीचे आठ दिवस जेवताना नाकात असायचा. पुढे गेला.

त्या लिटरभर पाण्याचं पुढे काय होतं ते सांगते. त्यातलं अर्धा लिटर घ्यायचं. त्यात डेक्स्ट्रान आणि पॉलिइथिलीन ग्लायकॉल ही दोन द्रव्यं आणि मीठ घालून थंडाव्यात तासभर ढवळायचं, मग खाली तोटी असलेल्या काचेच्या नरसाळ्यात ओतून रात्रभर थंडीतच ठेवायचं. सकाळी दोन थर पडलेले असतात, वरचा मोठा आणि खालचा जेमतेम बोटभर. विषाणू त्या खालच्या थरात आणि दोन्हींच्या मधल्या पडद्यात येऊन बसतो. ताक घुसळल्यावर लोणी गोळा व्हावं तसं, फक्त इथलं लोणी तळाला. तोटी अगदी हळू फिरवायची आणि थेंब थेंब काढून घ्यायचा. हात जरा सैल सुटला की वरचा थर मिसळला.

मग ते थेंब पेशींवर घालायचे. आमच्याकडे पेशींच्या दोन जाती असतात. त्यातली एक उंदराची. उंदराला आपला पोलिओ सहसा होत नाही, कारण विषाणू पेशीवरच्या ज्या प्रथिनाला धरून आत शिरतो ते माणसाचं प्रथिन उंदराच्या पेशीवर नसतं. १९८९ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात व्हिन्सेंट रॅकानिएलो यांच्या प्रयोगशाळेनं ते प्रथिन शोधून काढलं. त्याचा जनुक उंदराच्या पेशीत घातला की त्या पेशीचं दार पोलिओला उघडतं, आणि गटारातले बाकीचे बहुतेक विषाणू बाहेरच राहतात. त्याआधीच्या लोकांचे हाल आठव. १९४० च्या आसपास अमेरिकेत जॉन पॉल आणि जेम्स ट्रास्क यांनी सांडपाण्यात पोलिओ शोधला तेव्हा त्यांना माकडांना ते पाणी टोचावं लागलं होतं.

रोज सकाळी सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. निरोगी पेशी तळाला चिकटून, एकमेकींना बिलगून असतात. विषाणू आला की त्या आकसतात, गोल होतात आणि सुटून तरंगायला लागतात. पहिल्यांदा ते दिसलं तेव्हा, मंदा, मला तुझा पाय आठवला. मी उठून बाहेर व्हरांड्यात जाऊन उभी राहिले.

आता मुद्द्याचं. पोलिओचा विषाणू दोनशे मुलांच्या पोटात गेला, तर त्यातलं साधारण एक मूल लुळं पडतं. बाकीच्यांना काहीच होत नाही, नाहीतर दोन दिवस ताप, घसा, पोट. पण विषाणू सगळ्यांच्याच संडासातून कित्येक आठवडे बाहेर पडत राहतो. म्हणून लुळी पडलेली मुलं मोजून हा रोग पुरता कळत नाही, आणि म्हणून आम्ही गटारात शोधतो. तिथे सगळ्या वस्तीचं एकत्र येतं, कुणाचं नाव नसतं.

मुंबईत हे काम २००१ मध्ये सुरू झालं, परळच्या एंटरोव्हायरस रिसर्च सेंटरमध्ये. धारावीसारख्या वस्त्यांचं पाणी तपासलं जायचं. पाण्यात विषाणू सापडला की त्याच्या जनुकांच्या एका भागाची सुमारे ९०० अक्षरं वाचतात. दर वर्षी त्यातली शंभरात साधारण एक बदलते, त्यामुळे दोन विषाणूंचं नातं किती जवळचं हे मोजता येतं. मुंबईच्या गटारात सापडलेल्या विषाणूंची सोयरीक उत्तर प्रदेश-बिहारकडच्या विषाणूंशी जुळायची. कामासाठी गाड्या भरून माणसं येत होती, त्यांच्या कडेवरची पोरं येत होती, आणि थेंब कुठे कुठे पाजायचे ते आधीच ठरवता येत होतं. २००९ मध्ये देशात ७४१ मुलं लुळी पडली होती. २०१० मध्ये ४२. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात मुंबईच्या सांडपाण्यात शेवटचा जंगली विषाणू, म्हणजे लशीतून न आलेला, सापडला, आणि १३ जानेवारी २०११ ला हावड्यात दोन वर्षांची एक मुलगी शेवटची. त्यानंतर बाटल्या येत राहिल्या, पण जंगली विषाणू पुन्हा सापडला नाही. २७ मार्च २०१४ ला देश पोलिओमुक्त जाहीर झाला. त्या दिवशी तुला फोन लावला होता. तू शाळेत होतीस, "बरं झालं गं" म्हणालीस आणि मुलांचा गोंगाट आहे म्हणून ठेवलास.

आता वाईचं. १९७४ चा पावसाळा. आपण दोघी दोन-दोन वर्षांच्या. आळीत टोपलीचे संडास होते, उघडं गटार तुमच्या आणि आमच्या ओट्याखालून वाहत कृष्णेकडे जायचं. आई सांगते, आपण दिवसभर त्या गटाराच्या काठावर चिखलाची भांडी करायचो आणि एकीच्या तोंडातलं दुसरी खायची. तुझ्या एका पायामागे त्या पावसाळ्यात वाईत आणखी दोनेकशे मुलांच्या पोटात तो विषाणू असणार. त्यात मी नव्हते, असं म्हणायला माझ्याकडे काहीही आधार नाही. तो तुझ्याकडून माझ्याकडे आला असेल, नाहीतर माझ्याकडून तुझ्याकडे. हे मला पंचवीस वर्षांपासून माहीत आहे आणि तुला सांगायचा धीर झाला नव्हता.

आणि सुई. मी तुला खोटं सांगणार नाही. सुईचा संबंध असू शकतो. १९५० मध्येच ब्रिटनमध्ये ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल या संख्याशास्त्रज्ञांनी दाखवलं होतं की साथीच्या दिवसांत ज्या मुलांना सुई टोचली गेली त्यांच्यात टोचलेलाच हात किंवा पाय लुळा पडण्याचं प्रमाण जास्त होतं. हे कसं होतं ते मात्र कळायला १९९८ उजाडलं. माणसाचं ते प्रथिन असलेल्या उंदरांवर ग्रोमायर आणि विमर या दोन शास्त्रज्ञांनी दाखवलं की स्नायूला इजा झाली की रक्तातला विषाणू तिथल्या मज्जातंतूतून वर मणक्यापर्यंत चढतो. म्हणजे तुझ्या उजव्या कमरेत सुई दिली आणि उजवा पाय गेला, हा काकूंचा आयुष्यभराचा हिशेब अडाणी नव्हता. त्यांनी बरोबर पाहिलं होतं.

पण त्यांनी त्यातून जे ठरवलं ते मला मान्य नाही. तुला ताप आला, म्हणजे विषाणू आधीच अंगात होता, आणि तो काकूंनी आणला नव्हता. सुई नसती तर पाय वाचला असता का, हे तुझ्या बाबतीत कुणीच सांगू शकणार नाही. तेव्हा तापाला सुई हाच इलाज समजला जायचा, डॉक्टरांनी ती दिली नाही तर लोक नाराज व्हायचे. देशाचा लसीकरण कार्यक्रम १९७८ मध्ये सुरू झाला आणि पोलिओचे थेंब त्याच्याही नंतर त्यात आले. काकू भर पावसात तुला पदराखाली घेऊन दवाखान्यात चालत गेल्या. त्या वेळी वाईतल्या कुठल्याही आईनं हेच केलं असतं. माझी आई मला घेऊन गेली नाही, कारण मला तापच आला नाही. आपल्या दोघींत फरक एवढाच.

परवा आमच्या नणंदबाईंनी विचारलं, रोग गेला तर अजून गटारं कशाला तपासता? मी त्यांना लंडनचं सांगितलं. तिथेही पोलिओ कधीच गेलेला, आणि २०२२ मध्ये उत्तर आणि पूर्व लंडनच्या सांडपाण्यात विषाणू पुन्हा पुन्हा सापडायला लागला. तो थेंबांच्या लशीतल्या जिवंत पण दुबळ्या विषाणूपासूनच निघून बदलत गेलेला होता. एकही मूल लुळं पडलेलं नसताना त्यांनी एक ते नऊ वर्षांच्या मुलांना जादा डोस दिला. आपल्या शेजारी पाकिस्तान आणि अफगाणिस्तानात जंगली विषाणू अजून आहे. मला या कामाला पैसा कमी पडेल, माणसं कमी होतील याची खरंच भीती वाटते. मामा निवृत्त झाले, त्यांच्या जागी आलेला मुलगा चांगला आहे, पण त्याची बदली कधी होईल सांगता येत नाही, आणि डोक्यातला नकाशा काही कागदावर उतरलेला नाही. मी रविवारी मामांच्या घरी जाऊन तो काढून घ्यायचं ठरवलंय.

वहिनींना हे पत्र वाचून दाखव. सुईबद्दलचं तर नक्की दाखव, म्हणजे वहिनी पोरांना तरी काकूंचीच चूक होती असं सांगत राहणार नाहीत.

आणि गणपतीनंतर तू मुंबईला येणार आहेस ना, तेव्हा एक दिवस माझ्याबरोबर कामावर ये. विषाणूच्या खोलीत बाहेरच्या माणसाला नेता येत नाही, पण शिकवायच्या खोलीत निरोगी पेशी असतात, त्या तुला सूक्ष्मदर्शकाखाली दाखवीन. मी विचारून ठेवते. दाराला तीनच पायऱ्या आहेत आणि कठडा उजव्या हाताला आहे.

तुझी,
शैला