शर्टाची बाही धरलीत, त्याबद्दल

डॉक्टर मॅडम,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र चारदा लिहायला घेतलं आणि चारदा बाजूला ठेवलं. खांदा लवकर दमतो हे एक कारण. दुसरं म्हणजे तुमच्या तपासणीच्या खोलीतली ती पाच मिनिटं आठवली की अजूनही डोळे भरून येतात.

तुमच्याकडे येण्याआधी तीन महिने मी हिंडत होतो. एका रात्री झोपेतच खांद्यात कुणी तापलेली सळई खुपसावी तशी कळ आली. पडलो नव्हतो, ओझं उचललं नव्हतं. दहा रात्री खुर्चीत बसून काढल्या. मग कळ ओसरली, बरं वाटायला लागलं, आणि लक्षात आलं की हात वर जातच नाही. पहिल्या डॉक्टरांनी फ्रोझन शोल्डर, म्हणजे खांद्याचा सांधा आखडलाय, म्हणून सांगितलं आणि व्यायामाच्या नावाखाली खांदा जोरजोरात फिरवला गेला. दुसऱ्यांनी मानेचा एमआरआय काढून गादी सरकल्याचं दाखवलं आणि पट्टा दिला. तिसऱ्यांनी रिपोर्टवरची नजरही न काढता, 'नसांची तपासणी नॉर्मल आहे, मनाला लावून घेऊ नका,' म्हटलं. त्या वाक्यानं जेवढा खचलो तेवढा दुखण्यानंही खचलो नव्हतो. हात उचलत नाही आणि लोक तुमच्या मनाबद्दल बोलतात!

तिघांपैकी एकानंही शर्ट काढायला सांगितलं नाही. माझा राग आहे तो एवढ्याचसाठी.

तुम्ही फाइल मिटून ठेवलीत आणि आधी तेच सांगितलंत. मागे उभ्या राहिलात, दोन्ही तळवे भिंतीवर टेकवून ढकलायला लावलंत. मग माझ्याच फोनवर माझ्या पाठीचा फोटो काढून मला दाखवलात. उजव्या खांद्याचं पातं पाठीपासून सुटून पंखासारखं बाहेर आलं होतं. तीन महिने माझ्याच पाठीवर होतं ते, आणि मी पहिल्यांदा पाहत होतो. कोपर अंगाशी धरून हात बाहेर वळवायला सांगितलात, तो वळेना. पण तुम्ही स्वतः माझा हात धरून वर नेलात तेव्हा तो कानापर्यंत सहज गेला. 'सांधा आखडला असता तर मलाही तो नेता आला नसता,' म्हणालात. एवढं साधं!

मानेतल्या गादीबद्दलही तुम्ही उलगडून सांगितलंत. काही त्रास नसलेल्या कितीतरी माणसांच्या एमआरआयमध्ये ती तशी दिसते. नसांची तपासणी कळ सुरू झाल्यावर पाचव्याच दिवशी झाली होती आणि स्नायूंमधला बदल त्या तपासणीत दिसायला साधारण तीन आठवडे जावे लागतात, हेही तुमच्याकडूनच कळलं. पुन्हा केली तेव्हा सगळं समोर आलं. दुखण्याआधी पंधरा दिवस ताप येऊन गेला होता का, हे विचारणाऱ्याही तुम्हीच पहिल्या. तापाशी लढायला उठलेली शरीराची प्रतिकारशक्ती कधी कधी मानेतून हाताकडे जाणाऱ्या नसांच्या जाळ्यावरच उलटते. लस, शस्त्रक्रिया किंवा बाळंतपणानंतरही असं होऊ शकतं. पार्सोनेज आणि टर्नर या दोन डॉक्टरांनी 1948 साली यावर लिहिलं, म्हणून त्यांच्या नावानं हा आजार ओळखतात. आपल्या दुखण्याला नाव आहे हे कळल्यावर केवढा धीर येतो, ते ज्यानं भोगलंय त्यालाच कळेल.

पण हे पत्र त्या नावासाठी नाही, बाहीसाठी आहे.

तपासून झाल्यावर मी शर्ट घालायची खटपट करत होतो. बाहेर रांग होती. तुम्ही उठलात, शर्ट माझ्या हातातून घेतलात आणि उजवी बाही चुण्या करून धरलीत. 'अधू हात आधी, चांगला नंतर. काढताना उलट.' मग कॉलर सरळ केलीत, आणि जणू काही झालंच नाही असं पुढचं बोलायला लागलात. तीन महिने घरात बायको शर्ट घालून द्यायची तेव्हा मी मान फिरवून उभा राहायचो. त्या दिवशी फिरवली नाही.

तुम्ही जे पुस्तकात वाचलंत ते बाकीच्यांनीही वाचलंच असणार. फरक पडला तो माणसाकडे आधी बघण्यानं. अशी माणसं असतात, गाजावाजा न करता आपलं काम करत असतात, आणि आमच्यासारखे त्यांच्या दारापर्यंत पोहोचतात तेव्हा निम्मं दुखणं उंबऱ्यातच उतरतं.

तुटलेली नस दिवसाला जेमतेम 1 मिलिमीटर वाढते, घाई करून उपयोग नाही, वर्ष-दोन वर्षंही लागतील, असं तुम्ही स्पष्ट सांगितलं होतंत. खोटी आशा दाखवली नाहीत त्याबद्दलही ऋणी आहे. रोज बोटं भिंतीवरून वर सरकवतो. हनुवटीशी अडकत होती, आता कपाळापर्यंत जातात. पातं अजून बाहेर येतं, पण कमी.

पुढच्या तपासणीला येईन तेव्हा शर्ट माझा मी घालणार आहे. तुम्ही फक्त बघत उभ्या राहा.

तुमचा,
एक रुग्ण