ओमाहाच्या अंगणातला निळा ठिपका

ओमाहा, १६ नोव्हेंबर २०२४

ती. आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

बाबा, इथली राष्ट्राध्यक्षाची निवडणूक जवळ आल्यापासून दर रविवारी फोनवर तुमचा एकच प्रश्न, "तिकडे हवा कोणाची?" मला इथे मत नाही, म्हणून मी मोजणी घेतली अंगावर. सप्टेंबरपासून संध्याकाळी फिरायला निघाले की लोकांच्या अंगणातल्या प्रचाराच्या पाट्या मोजायचे. चौकातल्या गवतावरच्या नाही, त्या प्रचारवाले रातोरात खोचून जातात. घरासमोरची पाटी मात्र घरमालकाच्या मर्जीने लागते. आपल्या कंपाउंडवर न विचारता गेरूने नाव रंगवून गेले होते, तसं नाही.

पाटी म्हणजे प्लॅस्टिकचा हलका पत्रा, दोन तारांवर हिरवळीत खुपसलेला. वारा सुटला की रात्रभर फडफडतो. यंदा इथे एक वेगळीच पाटी निघाली. पांढऱ्यावर नुसता निळा ठिपका! नाव नाही, पक्ष नाही, एक अक्षर नाही. एका जोडप्याने घरीच स्प्रेने रंगवायला सुरुवात केली आणि बघता बघता हजारो झाल्या. त्याचं असं आहे, की इथे राष्ट्राध्यक्ष ठरतो तो राज्याराज्यांच्या इलेक्टोरल मतांवर, आणि आमच्या नेब्रास्का राज्याची ही पाच मतं एकगठ्ठा जात नाहीत. दोन मतं राज्य जिंकणाऱ्याला, बाकीची तीन मतदारसंघागणिक एकेक. ही पद्धत आणखी फक्त मेन राज्यात आहे. लाल रंग रिपब्लिकनांचा, निळा डेमोक्रॅटांचा. राज्य लालभडक, पण ओमाहाचा मतदारसंघ २००८ मध्ये ओबामांकडे आणि २०२० मध्ये बायडेनकडे गेला. नकाशावरचा तोच हा ठिपका. मग समोरच्यांनीही उत्तर काढलं. लाल नेब्रास्काच्या पाट्या आल्या, आणि एकीवर तर ट्रम्पसारख्या केसांचा पॅकमॅन, म्हणजे व्हिडिओ गेममधला तो ठिपके खाणारा गोल तोंडाचा, ठिपका गिळायला निघालेला. मी रस्त्यातच हसत उभी राहिले.

आमच्या गल्लीतला हिशोब असा: ठिपके अकरा, लाल चार, गप्प घरं एकतीस.

ठिपका जिंकला. राज्यात ट्रम्प सुमारे वीस टक्क्यांनी पुढे, पण हे एक मत हॅरिसना. म्हणजे माझी मोजणी खरी ठरली म्हणायची? कुठलं काय! त्याच मतदारांनी काँग्रेसवर, म्हणजे इथल्या संसदेवर, परत रिपब्लिकन डॉन बेकनच पाठवले. कोपऱ्यावरच्या एका घरासमोर ठिपका आणि बेकनची पाटी शेजारी शेजारी होत्या. मला वाटलं, नवरा-बायकोत जुंपली असेल. अकरा आणि चार मोजत बसले आणि या एका अंगणाकडे नीट पाहिलंच नाही.

आणि ती एकतीस घरं? त्यात आमच्या ओळखीची देशी घरं सगळी. नागरिक होऊन वीस वर्षं झाली तरी कोणी पाटी लावत नाही, "उगाच कशाला शेजाऱ्यांशी वाकडं?" मताला मात्र सगळे सकाळीच रांगेत. आई, तुझी आठवण झाली. दोन्ही पक्षांच्या पोरांना चहा पाजायचीस आणि मत कोणाला दिलंस ते बाबांनासुद्धा सांगायची नाहीस.

आता अर्ध्या पाट्या निघाल्या. शेजारच्या आजोबांनी त्यांच्या तारा जपून ठेवल्यात, उन्हाळ्यात टोमॅटोला आधार द्यायला.

बुधवारी तुमचं मतदान. बाबा, ऊन चढायच्या आत जाऊन या, गुडघ्याचा पट्टा विसरू नका. शाई लावलेल्या बोटांचा फोटो पाठवा, दोघांच्याही. आणि कंपाउंडवर या वेळी कोणी रंग फासला का, तेही कळवा.

तुमची,
मनू